ठकी शून्यापासून मोजते

देव माणसाला कान आधी देतो, तोंड मागाहून. तान्ह्या बाळाला बोलता येत नाही, पण ते ऐकत असतं, आणि ऐकलेलं कुठेतरी साठवत असतं, मुंगीने दाणा न्यावा तसं. मोठं झाल्यावर उलटं होतं. तोंड उरतं आणि कान जातात.

ठकीचे कान आबांनी भरले.

आबा म्हणजे तिच्या वडिलांचे वडील. त्यांचा सगळा जन्म एका उंच कचेरीच्या लिफ्टमध्ये गेला होता. लोखंडी जाळीचं दार, पितळी दांडा, कोपऱ्यात तीन पायांचं स्टूल आणि दारावर आकड्यांची पट्टी, शून्य ते नऊ. सगळ्यात खाली शून्य. दार ओढायचं, दांडा फिरवायचा आणि पुकारायचं, "शून्य... एक... दोन..." आत साहेब असो की झाडूवाला, आबांनी कुणाला आकड्यापलीकडे काही ऐकवलं नाही. मग कचेरीत बटणांची लिफ्ट आली. आकडे पुकारायला तिच्यात एका बाईचा मंजूळ आवाज भरलेला होता. आबा घरी आले आणि खुर्चीत बसले. आजी होती तोवर ती बोलायची आणि हे हुं म्हणायचे. ती गेल्यावर हुं म्हणायलाही निमित्त उरलं नाही.

मग ठकी आली.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिची रजा संपली तेव्हा ठकीला अजून बसताही येत नव्हतं. सुनेने निघताना दहा सूचना दिल्या आणि दारातून परत वळून विचारलं, "आबा, जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? जन्मभर माणसंच वर-खाली नेली की मी!"

घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. देवाची ही थट्टा आबांनी कधीच मनाला लावून घेतली नव्हती. रोज सकाळी ते ठकीला खांद्यावर घेऊन खाली अंगणातल्या उन्हात जायचे आणि ऊन तापायला लागलं की परत फिरायचे. जिन्याच्या तळाशी क्षणभर थांबायचं, हवेतच दार ओढल्यासारखं करायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "शून्य!" पहिल्या माळ्यावर दम घ्यायचा. "एक!" मग दोन. घराच्या दाराशी "तीन! आलं बघ घर, उतरा बाई." ठकी खांद्यावरून खिदळायची. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता. तो होता "ती!" आणि तो घराच्या दारासमोरच, आबांच्याही आधी, तिच्या तोंडून निघाला.

त्या दिवसापासून आबांच्या तोंडाला बांध राहिला नाही.

"पाय दोन आणि मोजा एकच! दुसरा कुठे गेला गं? पलंगाखाली? वर? का आत?" "वाटी भरलेली होती. आता अर्धी झाली. आता रिकामी. संपलं, बघ, काही उरलं नाही." मटार सोलताना तर त्यांना चेव यायचा. "ही शेंग लांब, ही बुटकी. लांब शेंगेत दाणे जास्त असतील की नाही? उघडू या? अरेच्चा, फसवलंन! लांब आहे पण पोकळ आहे. अशी माणसंही असतात हो, ठकूबाई." ठकीचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवून ते म्हणायचे, "माझा हात मोठा, तुझा लहान, पण बोटं बघ, सारखीच. देवाने त्यात दुजाभाव केलेला नाही."

तळमजल्यावर शिंपीबुवांचं दुकान होतं. ते मशीन थांबवून ऐकत बसायचे.

"आबा, धड दात न आलेल्या पोरीला गणित शिकवताय?"

"शिकवतोय कुठे? बोलतोय."

"मग जन्मभराचं तुंबलेलं दिसतंय. वाहू द्या, वाहू द्या. फक्त माझ्या दुकानात शिरू देऊ नका, कापड भिजेल."

आबा हसायचे. ते हसतात हे शिंपीबुवांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

ठकी दोन वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली. जास्त कशाला म्हणतात, कमी कशाला म्हणतात, सारखं केव्हा होतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आपलं नाव कळावं तसं ते तिला कळलं. बिस्किट तोडलं की दोन्ही तुकडे ती एकमेकांवर ठेवून बघायची आणि मोठा आबांना द्यायची. मोजायचीही. पण तिच्या मोजण्यात एक खोट होती, आणि ती खोट आबांच्याच घराण्याची होती. ती शून्यापासून मोजायची.

जिन्यावर ते बरोबरच होतं. तळाला शून्य, आपण तिसऱ्यावर. पण झबल्याची बटणं लावतानाही आबा त्याच सुरात म्हणायचे, "शून्य, एक, दोन, तीन, चार." बटणं पाच. ठकी टाळी वाजवून म्हणायची, "चार!" आबा म्हणायचे, "शाब्बास!" आबा काही अडाणी नव्हते. बाजारातून अंडी आणताना त्यांनी कधी एक अंडं कमी आणलं नाही. पण ठकीशी बोलताना त्यांच्या गळ्यात तो लिफ्टचा सूर लागायचा, आणि त्या सुराला शून्याशिवाय सुरुवात नव्हती. एखाद्याचं ध्रुवपद जन्मभर एकच असावं आणि ते बेसूर लागतंय हे त्यालाच ऐकू येऊ नये, तसं ते होतं.

रात्री जेवायला बसलं की ठकी प्रत्येकाच्या नाकाला बोट लावायची. "आबा शून्य. बाबा एक. आई दोन. मी तीन. तीन!"

"आबा, तुम्ही तळमजला हो," सून हसत म्हणायची.

आबा सगळ्यांत जास्त हसायचे. मुलगा हसायचा नाही. तो ताटात बघून जेवायचा.

*

मुलगा पंपांच्या कारखान्यात फोरमन होता. थंडी सरता सरता एक दिवस घरी येऊन म्हणाला, "नव्या कारखान्यावर पाठवताहेत मला. दुसऱ्या गावी. आम्हाला घरही देणार आहेत. दोन खोल्या."

"छान झालं," आबा म्हणाले, आणि पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. सुनेने विषय बदलला, पाणी कधी येणार वगैरे.

दुसऱ्या दिवशी शिंपीबुवांनी दोरा दाताने तोडत सरळच विचारलं, "पोरगा चाललाय म्हणे. तुमचं काय ठरलं?"

"माझं काय ठरायचंय? ठकीला कोण सांभाळणार मग? सून काही घरी बसणारी नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, का तुम्हीच ठरवलंत?"

"काही गोष्टी सांगायच्या नसतात, बुवा."

"हो ना. आणि काही सांगायचं धाडस होत नाही. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं."

आबांनी ठकीला उचललं आणि जिन्याच्या तळाशी जाऊन शून्य म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

नवं घर बघायला चौघं मिळून बसने गेली. आबांना बरोबर घेतलं, कारण वाटेत ठकी दुसऱ्या कुणाकडे राहायची नाही. घर नवंकोरं होतं, भिंतींना चुन्याचा ओला वास होता. सुनेने पट्टी लावून पलंग कुठे बसतो ते पाहिलं. मोठा पलंग एका खोलीत. दुसऱ्या खोलीत ठकीचा छोटा पलंग, एक टेबल, एक कपाट. आबा भिंतीशी उभं राहून मनातल्या मनात एक सतरंजी अंथरत होते. टेबल जरा पलीकडे सरकवलं तर सहज मावत होती. ते म्हणाले, "टेबल इकडे घेतलं तर?"

"इकडे खिडकी आहे, आबा," सून म्हणाली.

कारखान्याच्या आवारातच बालवर्ग होता. दिवसभराचा, जेवणासकट. मूल वर्गात घेण्याआधी तिथल्या बाई त्याला भेटायच्या. बाई पिकल्या केसांच्या होत्या आणि मुलांच्या उंचीच्या स्टुलावर बसायच्या. त्यांनी ठकीपुढे चेंडू, चमचे, डबे असलं काहीबाही मांडलं आणि गप्पा सुरू केल्या. ठकीने डब्यात डबा घातला, लहान चमचा मोठ्यावर ठेवला, एका चेंडूकडे बघून "हा जास्त गोल" म्हणाली. बाई हसल्या. मुलाची छाती फुगली, हे आबांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"बरं, घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

ठकी उठली. आबांच्या नाकाला बोट लावून म्हणाली, "शून्य." मग बाबा एक, आई दोन. स्वतःच्या छातीवर हात आपटून, "मी तीन. तीन माणसं!"

"तीन?" बाईंनी आपला पंजा पुढे केला. "आणि ही बोटं?"

"शून्य, एक, दोन, तीन, चार. चार!"

शेजारच्या बाकावर दुसरं एक जोडपं आपल्या मुलाला घेऊन बसलं होतं. त्यांचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "पाच असतात, येडी!" त्याच्या आईने त्याला गप्प केलं, पण हसू दाबत. आबांच्या मुलाचे कान लालबुंद झाले.

"हे शून्य कुठून आलं?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडून," आबा म्हणाले आणि लिफ्टचं सगळं सांगितलं. सांगताना हात आपोआप दांडा फिरवत होते.

बाईंनी मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही हिच्याशी इतकं बोललात, हे फार चांगलं केलंत. इतके शब्द घेऊन आलेलं मूल मी क्वचित बघते. पण तुम्ही मजले पुकारता. पुकारणं वेगळं, मोजणं वेगळं. पहिलं बटण हातात आलं की एक झालंच ना? हातात असलेल्या गोष्टीला शून्य कसं म्हणायचं?"

आबांना ते पटकन कळलं. इतकं पटकन की त्यांची मान खाली गेली. बाई बरोबर होत्या.

"वर्ग सुरू व्हायच्या आधी एवढं शून्य घरी सोडवा," बाई म्हणाल्या. "तेव्हा परत बघते. काळजीचं काही नाही."

पण बसमध्ये मुलगा बाहेर बघत म्हणाला, "माझ्या हाताखाली काम करणार आहेत ती माणसं. उद्या सगळ्या कारखान्यात बोभाटा होणार, फोरमनच्या पोरीला बोटं मोजता येत नाहीत."

"सुटेल रे. लहान आहे."

"ती लहान आहे. तुम्ही?"

सुनेने मुलाच्या दंडावर हात ठेवला. ठकी आबांच्या मांडीवर झोपली होती. खूप वेळाने आबांनी खालच्या आवाजात विचारलं, "मग माझं... तिकडचं कसं ठरवताय?"

मुलगा काचेतच बघत राहिला. "आधी हिचं नीट होऊ दे. मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांवर माणूस किती दिवस जगू शकतो, हे ज्याला वाट पाहायची असते त्यालाच ठाऊक. आबा त्यावर अख्खा वसंत ऋतू जगले.

*

ते हट्टाला पेटले. जिन्याचा खेळ बंद केला. आता तळाशी थांबायचं नाही, दार ओढायचं नाही. पहिली पायरी चढायची आणि म्हणायचं, "एक."

ठकी पायरीवर बसकण मारायची. "शून्य म्हणा!"

"शून्य गेला."

"कुठे गेला?"

"त्याची नोकरी संपली," आबा म्हणायचे.

बटणं, बटाटे, चमचे, मटारचे दाणे, एकेक वस्तू ते तिच्या मुठीत ठेवायचे. "आली हातात? मग एक. जी गोष्ट आपल्या हातात आहे ती शून्य नसते, बये." ठकी रडायची, फसायची, मधूनच जुना सूर लावायची. आबा आवाज चढवायचे नाहीत. त्यांचा स्वतःचा गळाच तो सूर सोडत नव्हता, पोरीला काय बोलणार? पहाटे उठून ते देवाचं नाव घेत बसायचे, आणि नाव घेता घेता बोटांची पेरं मोजायची सवय होती, तिथेही पहिल्या पेरावर ओठ "शू" असे व्हायचे. ते थांबायचे, देवाची क्षमा मागायचे आणि पुन्हा एकपासून धरायचे.

शिंपीबुवा हे सगळं बघत होते. एकदा ठकी दुकानात चिंध्यांशी खेळत असताना ते म्हणाले, "आबा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"तुम्ही विचारल्याशिवाय थोडेच राहणार?"

"पोरगी सुधारली की बालवर्ग तिला घेणार. दिवसभर. जेवणासकट. बरोबर?"

"बरोबर."

"मग तिला सांभाळायला तुम्ही कशाला लागता? अहो, ती पास झाली की तुम्ही नापास! आणि तुम्हीच रात्रंदिवस अभ्यास घेताय तिचा."

आबांच्या हातात एक बटण होतं. ते त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. बसमध्येच आलं होतं.

"मग काय करू? पोरीला चुकीचं तसंच ठेवू? मी उपयोगी पडावा म्हणून?"

"थोडे दिवस ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

"लोक हसले तिला, बुवा. पाच असतात म्हणाला तो पोरगा. तिला कळलं नाही, पण एक दिवस कळेल." त्यांनी बटण ठकीच्या हातात दिलं. "हे किती झालं, ठकू?"

ठकीने बटणाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. "एक," ती म्हणाली.

"बघा," आबा शिंपीबुवांना म्हणाले. चेहरा उजळला होता आणि डोळे भरले होते. बघणाऱ्याने कुठे बघावं तेच कळेना. शिंपीबुवांनी मशीन सुरू केलं.

सगळ्यात शेवटी माणसांचं शून्य सुटलं. वस्तूंचं सुटलं तरी जेवताना ठकी आबांच्या नाकाला बोट लावून शून्यच म्हणायची. आबांनी तिचं बोट आपल्या नाकावर दाबून धरलं. "आबा हातात आहे का तुझ्या? आहे ना? मग आबा?"

ठकीने आपल्या बोटाकडे पाहिलं. "आबा एक?"

"आबा एक. मग बाबा?"

"दोन. आई तीन. मी चार." ती दचकलीच. "चार!"

"चार," आबा म्हणाले. "आपण चौघं आहोत."

हे त्यांनी ठकीकडे बघून म्हटलं, पण जरा मोठ्याने. सून भात वाढता वाढता थांबली. मुलाने पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पेला संपेपर्यंत तोंडाला लावून ठेवला.

*

बाईंनी ठकीला पुन्हा पाहिलं आणि घेतलं. या वेळी आबांना नेलं नव्हतं. सुनेने दुकानातून एका दिवसाची रजा काढली होती. संध्याकाळी ठकी आबांच्या गळ्यात पडून म्हणाली, "बोटं पाच! दोन्ही हातांची जास्त!" आबांनी तिला एवढं घट्ट धरलं की ती ओरडली.

खोकी बांधायला सुरुवात झाली. ठकीचे कपडे एका खोक्यात, भांडी एका खोक्यात. आबांच्या कपड्यांना कुणी हात लावला नाही. त्यांनी स्वतःच आपले सदरे घडी करून पलंगावर ठेवले, दिसतील असे. दोन दिवस ते तिथेच होते. तिसऱ्या दिवशी सुनेने ते उचलून परत कपाटात लावले, नीट, इस्तरीची घडी न मोडता. चांगल्या घरची मुलगी होती ती.

तेव्हा आबा मुलासमोर जाऊन उभे राहिले. तो खोक्याला सुतळी आवळत होता.

"मी येतोय की नाही, ते सांग."

"आबा, इथलं घर बंद कसं ठेवणार? कुणीतरी हवं ना."

"भाड्याचं घर आहे. सोडता येतं."

मुलाने गाठ मारली, ओढून पाहिली. मग मान वर न करता म्हणाला, "तुम्हाला आठवतं का, मी एकदा तुमचा डबा घेऊन कचेरीत आलो होतो?"

"डबा? तुझी आई देत असे माझ्याबरोबरच."

"एकदा विसरला होतात. आईने मला पाठवलं. मी लिफ्टमध्ये शिरलो. लोक होते आत. तुम्ही पट्टीकडे बघत होतात. मागे न बघता म्हणालात, 'कितवा?' मला वाटलं, आवाज ओळखतील. म्हणून मी म्हटलं, 'चौथा.' तुम्ही दांडा फिरवलात. शून्य, एक, दोन, तीन, चार. दार उघडलंत. मी उतरलो."

आबांनी खोक्यावरची सुटी सुतळी उचलून हातात धरली.

"चौथ्यावर माझं काय काम होतं, आबा? जिन्यात बसून मीच डबा खाल्ला. घरी आईला सांगितलं, दिला म्हणून. तुम्ही रात्री आलात, जेवलात, झोपलात. डबा का आला नाही एवढंसुद्धा विचारलं नाहीत."

"मला नाही रे आठवत."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतोय." त्याचा आवाज फाटला. "रोज घरी येऊन बघतो मी. ही शेंग लांब, ती बुटकी. मोजा कुठे, पाय कुठे. इतकं गोड बोलता येत होतं तुम्हाला! कुठे ठेवलं होतंत?"

म्हातारा माणूस नातवंडाशी बोलतो तेव्हा त्याला वाटतं, आपण उशिरा का होईना देणं फेडतोय. पण देणं एकाचं असतं आणि फेड दुसऱ्याला मिळते. ज्याचं होतं तो दारात उभा राहून बघत असतो.

"तुला राग आहे तर मला बोल," आबा म्हणाले. "मार हवं तर. पण पोरीपासून तोडू नकोस."

"तोडत नाहीये. येऊ की आम्ही मधून मधून." मुलाने दुसरं खोकं जवळ ओढलं. "दोन खोल्या आहेत, आबा. खरंच जागा नाही."

टेबल सरकवलं तर आहे, असं आबांच्या अगदी ओठावर आलं. पण ओठावरच राहिलं. जुनी सवय.

*

निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो आधी गेला. मग मुलगा कारखान्याची गाडी घेऊन आला. शिंपीबुवा दुकानाबाहेर उभे होते, गळ्यात मापाची फीत तशीच. सुनेने आबांना वाकून नमस्कार केला. तिचे डोळे सुजलेले होते. "औषध वेळेवर घ्या," ती म्हणाली. मुलगाही वाकला, भरकन, आणि भरकन ताठ झाला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला तोवर डोकं निघून गेलं होतं.

आबांनी ठकीला शेवटचं खांद्यावर घेऊन खाली आणलं होतं. उतरताना दोघंही काही मोजत नव्हती. गाडीत तिला मागच्या सीटवर आईशेजारी बसवलं. दार लागलं. काच खाली होती.

ठकीने सगळीकडे नजर फिरवली. पोरीला सवयच होती. कुठे बसलं की आधी माणसं मोजायची. "बाबा एक. आई दोन. मी तीन." ती थांबली. पुन्हा सगळ्यांना बोट लावलं. पुन्हा तीनच आले. तिच्या कपाळावर आठी पडली.

"आबा! चुकतंय."

आबा काचेजवळ वाकले. "काय चुकतंय, बाळा?"

"तीन येताहेत. आपण चार. एक कमी आहे."

मुलाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. सून पदराशी चाळा करत बसली. ठकी आबांकडे बघत होती. मोजण्यात काही अडलं की ती आबांकडेच बघायची, दुसऱ्या कुणाकडे बघायची तिला माहितीच नव्हती. इतके दिवस रडवून त्यांनीच तिला ते शिकवलं होतं. खोटं कसं सांगणार?

"नाही चुकलं," आबा म्हणाले. "गाडीत तीनच आहेत. बरोबर मोजलंस तू."

"पण तुम्ही?"

"मी गाडीत कुठे आहे?"

ठकीला ते पटलं नाही. तिने गाडीच्या आत पाहिलं, बाहेर पाहिलं. ओठ थरथरायला लागले. आणि मग एकदम तिचा चेहरा मोकळा झाला, अवघड झाकण फिरलं की व्हायचा तसा. तिने काचेतून हात बाहेर काढला आणि आबांच्या नाकाला बोट लावलं.

"आबा शून्य!" ती ओरडली. "बाबा एक. आई दोन. मी तीन! तीन! आता जमलं!"

"परत शून्य!" पुढच्या सीटवरून मुलगा वैतागून म्हणाला. "आबा, सांगा तिला."

आबांनी ठकीचं बोट धरून ठेवलं होतं. गाडी हलली तेव्हा ते सुटलं. तिची चूक त्यांनी सुधारली नाही.

गाडी वळली. शिंपीबुवा काहीतरी बोलायला पुढे आले, पण आबा जिन्याकडे वळले होते. तळाशी ते थांबले. हात सवयीने उठला, त्याने हवेतलं दार ओढलं आणि तसाच तिथे राहिला. तोंडातून आकडा निघाला नाही.